व्हिएन्ना, मुक्काम छावणी

लासूरकर सरांना ‘छान’ हा शब्द चालत नसे.

खेळ संपला की लोक आत येत, हात जोडत आणि तो शब्द त्यांच्या तोंडून निघून जाई. एका वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून आलेले एक गृहस्थ असेच आत आले आणि म्हणाले, छान झालं हो सर. सरांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, “काय छान?” गृहस्थ हसले. म्हणाले, एकूणच. एकूण म्हणजे नेमकं कुठलं, असं सरांनी विचारलं. गृहस्थ संगीतावर गेले. सर म्हणाले, संगीत ज्याचं आहे तो केव्हाच वारला, त्याला तुमचा निरोप पोचवता येणार नाही. आज या हॉलमध्ये काय छान झालं ते सांगा. हात अजून सोडलेला नव्हता. गृहस्थांची बायको दारात उभी, फोटो काढणारे मागं खोळंबलेले. शेवटी घाम पुसत ते म्हणाले, कपडे छान होते. तेव्हा सरांनी हात सोडला आणि माझ्याकडं बोट केलं.

“कपडे ती शिवते. दुसऱ्या अंकात हिरव्या जाकिटाची डावी बाही सारखी वर चढत होती. तुम्हाला दिसली नाही. म्हणजे तुम्ही बघतच नव्हता.”

गृहस्थ परत कधी आले नाहीत. मी त्याच रात्री ती बाही उसवून पुन्हा बसवली, कारण ती खरंच चढत होती.

मला लिहायची सवय नाही. सातवीत शाळा सुटली ती सुटली. पण सरांवर कुणीतरी लिहायला हवं होतं, आणि ज्यांना चांगलं लिहिता येतं ते सगळे त्यांच्यावर रागावलेले आहेत. म्हणून मी.

सर मूळचे लासूरचे, शेतीवाडीच्या घरातले. नोकरी या शहरातल्या छावणी भागातल्या एका शाळेत, संगीत शिकवायची. तरुणपणी कुणाच्या तरी शिफारशीवर व्हिएन्नाला गेले आणि तिथल्या एका थिएटरात राहिले. परत आले ते दोन पेट्या घेऊन. पेट्यांत कपडे नव्हते. तिथल्या एका जुन्या संगीतकारानं रंगमंचासाठी जेवढं म्हणून लिहिलं, त्या सगळ्याची छापील वही न् वही होती. तिकडं त्या प्रकाराला ऑपेरेटा म्हणतात. म्हणजे आपल्याकडच्या संगीत नाटकासारखं, पण हसरं आणि नाचतं. सरदार नोकर होतो, नोकरीण सरदारीण होते, तिसऱ्या अंकात सगळं उघडं पडतं आणि कुणालाच शिक्षा होत नाही. सर त्या संगीतकाराचं नाव घेत नसत. ‘म्हातारा’ म्हणत. म्हातारा असा, म्हातारा तसा, जणू तो मागच्या खोलीत खोकत पडलाय.

त्या म्हाताऱ्याची सगळी नाटकं मराठीत करायची, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, ओळीनं, एकही न गाळता, असं सरांनी ठरवलं होतं. दर वर्षी एक. बँकेतले, दवाखान्यातले, कचेरीतले हौशी लोक गोळा करायचे आणि छावणीतल्या आपल्या पत्र्याच्या घरात पुढच्या खोलीत तालमी घ्यायच्या. म्हाताऱ्याचं एक नाटक जगभर गाजलेलं आहे म्हणे. ते केलं त्या वर्षी हॉल भरला. लोक म्हणाले, सर, हेच दर वर्षी करू. सर म्हणाले, “चांगल्याला सगळेच सांभाळतात. पडलेल्याला कोण सांभाळणार?” आणि पुढच्या वर्षी पडलेलं काढलं. ते इथंही पडलं. तालमीत ते स्वतःच म्हणत, हा अंक भिकार आहे, म्हाताऱ्याला घाई होती, पैसे हवे होते. पण भिकार जागा आहे तिथं भिकारच गायची, एक सूर इकडं तिकडं करायचा नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती पँटीवरून. मी आरमोरीची, पार गडचिरोलीकडची. नवऱ्याबरोबर वाळूजला आले, कंपनीत त्याचं काम होतं. कंपनीचं काम सुटलं, पाठोपाठ नवराही गेला, आणि मी पदमपुऱ्यात एका दुकानाबाहेर मशीन टाकून बसले. सर पँट घेऊन आले. मी पायाची शिलाई घालून दिली. त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं ब्लेड काढलं आणि माझ्यासमोर ती शिलाई उसवली. म्हणाले, “पुन्हा.” मी पुन्हा घातली. पुन्हा उसवली. आजूबाजूचे बघायला लागले. मला रडू येत होतं आणि हात थांबवायची भीतीही वाटत होती. किती वेळा झालं ते आठवत नाही. शेवटच्या खेपेला त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, ब्लेड कागदात गुंडाळलं आणि विचारलं, गाव कुठलं. सांगितलं. म्हणाले, “उद्यापासून छावणीत ये, आरमोरी.”

तेव्हापासून त्यांच्या मागच्या खोलीत माझी मशीन आणि मी. डोक्यावर पत्रा मिळाला तो त्यांच्यामुळं. या शहरात मला कुणी ओळखतं तेही त्यांच्यामुळंच. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल, ही बाई त्यांच्याविरुद्ध लिहायला बसलीय.

नाव ते कुणाचंच घेत नसत. मी आरमोरी. बँकेतले देशमुख साहेब, ज्यांची बिडकीनकडं मोठी जमीन होती आणि बोलण्यात दर वाक्याला ती यायची, ते ‘सातबारा’. रिक्षा चालवणारा सलीम ‘हॉर्न’. मृणाल मॅडम दातांच्या डॉक्टर, म्हणून ‘दात’. आणि बसस्थानकात गाड्या पुकारणारी सुलभा ‘वैजापूर’. देशमुख साहेबांना एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “तुमचा आवाज सातबाऱ्यावर आहे, गळ्यात अजून नोंद झालेली नाही.” साहेब लाल झाले. पण दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी आले. सरांचं हेच मला कधी कळलं नाही. लोक मार खाऊन परत का येत?

आता त्यांची पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. मुख्य भूमिकेला सर एक माणूस कधीच घेत नसत. दोन घेत. एक पहिला, एक दुसरा. दोघांची तालीम सारखी, दोघांचे कपडे सारखे, तागाचे टोप सारखे, तोंडाला पांढरा रंग सारखा. मी प्रत्येक झगा दोनदा शिवायची. प्रयोगाच्या आधी सगळ्यांना तयार करून रांगेत उभं करायचं. मग सर कोटाच्या खिशातून खडीसाखरेची पुडी काढत. मे महिन्यातही कोट असे. ज्याच्या तळहातावर खडा पडला तो स्टेजवर. ज्याच्या हातावर नाही पडला त्यानं त्याच कपड्यांत विंगेतल्या खुर्चीवर शेवटपर्यंत बसायचं. टोप काढायचा नाही, उठायचं नाही. बहुतेक वेळा खडा पहिल्यालाच मिळे. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे, आणि त्या फरकावर सरांचं सगळं चाले. म्हणत, पुढच्याच्या मानेला मागच्याचा श्वास लागला पाहिजे, त्याशिवाय माणूस गात नाही, नुसता आवाज काढतो. पत्रिकेवर नटांची नावंही छापत नसत; ऐनवेळी कोण असेल कुणास ठाऊक. नाव फक्त म्हाताऱ्याचं.

एका वर्षी देशमुख साहेबांना घोडदळातल्या कप्तानाचं काम होतं, त्यांच्या मागं दुसरा सलीम. हिमरूच्या कापडाचं जाकीट, छातीवर पदकं. साहेबांनी पुढच्या रांगा नातेवाइकांनी भरल्या होत्या, व्याही आले होते, बिडकीनहून जीप आली होती. सरांनी पुडी काढली आणि खडा सलीमच्या हातावर ठेवला. सलीमच घाबरला. म्हणाला, “सर, मेरेकू नको. साब के घर के सब आके बैठे ना.” सर म्हणाले, “हॉर्न, तुला कुणी विचारलं?” साहेब त्याच जाकिटात खुर्चीवर बसले. बाहेर व्याही वाट बघत होते. सलीम त्या दिवशी असा गायला की साहेबांच्या भाचीनं उठून शिट्टी वाजवली. तिला वाटलं मामाच आहे. साहेबांना ती शिट्टी विंगेत ऐकू आली. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले आणि खरंच सुधारले होते. सर त्यांना म्हणाले, आता फेरफार झाला.

एकदाच सरांनी मला व्हिएन्नाचं सांगितलं. मी त्यांच्या कोटाचं अस्तर बदलत होते, म्हणून ते शर्टावर बसले होते, गूळ-शेंगदाणे खात. कोट नसला की वेगळेच दिसत, आखूड झाल्यासारखे. मी विचारलं नव्हतं. म्हणाले, तिथं आपण दुसरे होतो. एका दारुड्या जेलरचं काम, चार वाक्यं आणि एक उचकी. रोज संध्याकाळी रंग लावून, टोपी घालून मागं बसायचं. “आणि जो पहिला होता, तो म्हातारा माणूस, दमेकरी, दोन वर्षं साधा शिंकला नाही. थंडीत छाती उघडी टाकून फिरायचा, मी बघायचो. मी देवाला काय काय मागितलं असेल त्याच्यासाठी.” मग शेंगदाण्याची सालं फुंकून म्हणाले, “पण मी मागं होतो म्हणून तो उचकी बरोबर देत होता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. तिसऱ्याला नव्हतं.” अस्तर झालं, त्यांनी कोट घातला आणि एक टाका उसवून म्हणाले, पुन्हा.

सुलभा या सगळ्यांत वेगळी. तिचं घर वैजापूरच्या पुढचं, मेंढरं असलेलं. वडील अजून मेंढरांमागं फिरतात. तिचा आवाज मोठा आणि स्वच्छ. पहिल्या दिवशी सर म्हणाले, “हे मेंढरं वळवायचं रान नाही. आवाज घरी ठेवून ये, गळा घेऊन ये.” ती हसली नाही, रडली नाही, “व्हय सर” म्हणाली. वर्षभरात ती अशी गायला लागली की तालमीत तिची पाळी आली की मी मशीन थांबवायची. आणि दर वर्षी सर तिला मृणाल मॅडमच्या मागं दुसरी लावत, आणि खडा दर वर्षी मृणाल मॅडमच्या हातावर पडे. सलीमला मिळाला, इतरांना मिळाला, सुलभाला कधीच नाही. एकदा धीर करून मी सरांना म्हटलं, सुलभा चांगली गाते ना? सर म्हणाले, “चांगली? दातपेक्षा पुष्कळ चांगली. म्हणून तर दात गाते. वैजापूर पुढं गेली तर मागं कोण बसंल? तुझी मशीन?”

हे मी सुलभाला सांगितलं नाही. तिला माहीत होतं.

तिच्या पहिल्याच वर्षी ते झालं. वडील, आबा, खेळ बघायला आले. पटका, खांद्यावर घोंगडी, डोळ्यांनी अधू. शेवटच्या रांगेत बसले. स्टेजवर मृणाल मॅडम, निळा झगा, पांढरं तोंड, तागाचा टोप. खेळ संपल्यावर सुलभा तशीच निळ्या झग्यात बाहेर गेली, आबांना सांगायला की आज मी नव्हते. ती तोंड उघडायच्या आत आबांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिथंच रडायला लागले. म्हणाले, बाय, काय गायलीस, मला यातलं काय बी कळलं नाय, पण लई गायलीस. सुलभा मागं वळून माझ्याकडं बघत राहिली. रंगावरून पाणी ओघळत होतं. तिनं सांगितलं नाही. तेव्हा नाही, मग कधीच नाही. पुढच्या वर्षी आबा गावातले चौघं घेऊन आले. मग दर वर्षी. मृणाल मॅडम गात, शेवटच्या रांगेतून टाळी पडे, आणि तीच टाळी सुलभा विंगेतल्या खुर्चीवर बसून घेई. एकदा मला म्हणाली, “ताई, एकदा खरं झालं ना, की मागलं समदं फिटंल.” एवढंच तिला हवं होतं. नाव नको, फोटो नको. आबा बसलेत आणि खरंच ती गातेय, असं एकदा.

सरांना हे कसं कळलं माहीत नाही. त्यांना सगळं कळे. तालमीत, सगळ्यांसमोर तिला म्हणाले, “बापाला फसवायचं काम झकास करतेस. कुठं श्वास घ्यायचा ते बरोबर कळतं तुला. स्टेजवर तेवढं जमलं की बघू.” मृणाल मॅडमना तोवर हे माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून त्या सुलभाशी नीट बोलू शकल्या नाहीत. पण भूमिका सोडली नाही त्यांनीही.

मग म्हाताऱ्याचं शेवटचं नाटक आलं. ते त्यानं अर्धवट टाकलं आणि वारला. दुसऱ्यांनी पुरं केलं. हातमोजे विकणारी एक मुलगी एका मेजवानीत सरदारीण म्हणून मिरवते, आणि तिसऱ्या अंकात एकटी पुढं येऊन सांगते, मी हातमोजे विकते. बस. सर तोवर फार खंगले होते. पोटात काहीतरी होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि सरांनी ते आम्हाला तालमीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं होतं. एरवी पियानो तेच वाजवत, आता हात चालत नसे, म्हणून चर्चमध्ये वाजवणारे एक काका बोलावले होते. प्रयोग दोन, शनिवार आणि रविवार, दोन्ही दुपारचे. यापुढं नाटक नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सुलभानं सरांकडं काही मागितलं नाही. माप द्यायला मात्र सगळ्यांच्या आधी आली.

शनिवारी रांग लागली. सरांनी पुडी काढली, मृणाल मॅडमनी सवयीनं हात पुढं केला. सरांनी खडा सुलभाच्या हातावर ठेवला. मृणाल मॅडमनी हात मिटला. सर म्हणाले, “आता पुढं नाटक नाही. आता कुणाला कुणाची भीती घालायची?” कौतुक म्हणून त्यांच्या तोंडून तिला मिळालं ते एवढंच.

सुलभा कशी गायली ते मला लिहिता येणार नाही. तिसऱ्या अंकात ती म्हणाली, मी हातमोजे विकते, आणि देशमुख साहेब, जे त्या दिवशी स्टेजवर तिच्यासमोर होते, ते आपलं पुढचं वाक्यच विसरले. मी विंगेत होते. मृणाल मॅडम खुर्चीवर, त्याच झग्यात, डोळे मिटून.

खेळ संपला. सुलभा तशीच धावत बाहेर गेली, मी पदराला पिना लावलेल्या तशीच मागं. सरही भिंत धरत आले. आबा दाराशी उभे होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण धरलं नाही. मग म्हणाले, “आज घसा बसलाय का गं? दरसालसारखं नाय वाटलं.”

सुलभा एक पाऊल मागं सरकली. आबांना वाटलं, लागलं पोरीला. समजूत घालायला म्हणाले, आसू दे, व्हतं कधी कधी. आणि मग सरांना हात जोडून, “तुमीच सांगा मास्तर, दरसाली काय गाती. व्हय ना?”

सगळे सरांकडं बघत होते. सर म्हणाले, “दर वर्षी वेगळं असतं.” हे खोटं नव्हतं. पण सरांनी अशी पळवाट काढलेली मी कधी बघितली नव्हती. आबा म्हणाले, मंग मी ऱ्हातो आज, उद्या बी हाय ना, उद्या नीट गा बाय. सलीमच्या घरी त्यांची सोय झाली.

रविवारी सकाळी सुलभा छावणीत आली. सर आरामखुर्चीत होते, मी त्यांच्या पायांवर शाल टाकत होते. ती उभीच राहिली. म्हणाली, “सर, आज मृणालताईंना द्या.”

“का?”

“आबाला तेच ऐकायचंय. त्येला तेवढं घेऊन जाऊ द्या. माझं झालं काल.”

सरांनी पायांवरची शाल बाजूला सारली. मला वाटलं, आता विरघळतील. म्हणाले, “मागून मी कुणाला दिलं नाही. मागून सोडायलाही देणार नाही. जा, गळा शेकून घे.”

दुपारी खडा पुन्हा सुलभाच्या हातावर. तिनं तो तोंडात टाकला नाही, मुठीत धरून स्टेजवर गेली. आणि सर, जे आयुष्यात कधी प्रेक्षकांत बसले नाहीत, ते काठी टेकत खाली उतरले आणि शेवटच्या रांगेत आबांच्या शेजारी जाऊन बसले. विंगेतल्या फटीतून मला ती रांग दिसत होती. दोन अंक दोघं सरळ बसले होते. तिसऱ्या अंकात सुलभा एकटी पुढं आली, गाणं सुरू झालं, आणि सर आबांच्या कानाकडं झुकले. बोलले. आबांनी काहीतरी विचारलं. सर पुन्हा बोलले. आबांनी डोक्याचा पटका काढला, मांडीवर ठेवला. मग पटका हातातच घेऊन उठले आणि दाराबाहेर गेले.

सुलभाला स्टेजवरून ते दिसलं. दार उघडलं की बाहेरचा उजेड येतो. तिनं गाणं सोडलं नाही. शेवटच्या सुरापर्यंत पुरं केलं, जिथं श्वास घ्यायचा तिथंच घेतला. पडदा पडला आणि हॉल उठला.

ती विंगेत आली तेव्हा सर पोचले होते. तिनं विचारलं, काय सांगितलं. सर म्हणाले, “ही तुमची पोरगी आहे, एवढंच. त्यांनी विचारलं, मग आधीची? मी म्हणालो, ती दुसरी बाई.”

“कशापायी, सर?”

“खोटं मी इथं कुणाला गाऊ दिलं नाही. तुझ्या बापाला तरी का ऐकू द्यावं?”

सुलभानं त्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं मारते. ती वळली आणि पळाली, बाहेर, रस्त्यावर. बाहेर पायऱ्यांशी सलीमची रिक्षा होती. सलीमही नाटकातल्या जाकिटातच धावला. पण तो झगा रिक्षात मावेना. घेर धरावा म्हणून आतून मी ठिबक सिंचनाच्या नळीची गोल कडी घालते, ती दाबली की उसळून येतात. सुलभा आत शिरे, झगा दारात अडे. मी कात्री घेऊन खाली बसले आणि कापड ओढलं. वरून सरांचा आवाज आला, धापा टाकत: “कापड फाडू नको, आरमोरी. नळी काप.” मी नळी कापली. एक एक कडं सुटलं, झगा तिच्या अंगावर पडला, आणि रिक्षा गेली.

स्थानकात आबा वैजापूरच्या गाडीत खिडकीशी बसलेले सापडले, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती खाली उभी, पांढरं तोंड, मागं सगळी गर्दी जमलेली. आबा म्हणाले, “आवाज तुझा व्हता?” ती म्हणाली, व्हय. आबा म्हणाले, “मंग इतकी वर्सं मी कोणाच्या पोरीपायी रडलो?” तेवढ्यात गाडी सुटली. ती नंतर घरी गेली तेव्हा आबा तिच्याशी बोलले, मेंढरांचं बोलले, पावसापाण्याचं बोलले. गाण्याचं नाही. अजून नाही.

सर त्यानंतर दवाखान्यात गेले ते घरी आले नाहीत, आणि तिथं त्यांनी कुणाला आत येऊ दिलं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या पायऱ्यांवर. रिक्षा दिसेनाशी झाली तरी ते रस्त्याकडंच बघत होते. आत टाळ्या थांबत नव्हत्या. मृणाल मॅडम दारात आल्या, त्याच झग्यात, तोच रंग, तोच टोप. म्हणाल्या, “सर, लोक बसेनात. सुलभाला बोलावतायत. काय सांगू?”

सर मागं न बघता म्हणाले, “सांगायचं काय? कपडे सारखे आहेत. जा, वाकून ये.”

“सर, त्या टाळ्या माझ्या नाहीत.”

“हे तू आज म्हणतेस.”

मृणाल मॅडमनी टोप नीट केला. मग आत गेल्या. टाळ्या वाढल्या, कुणीतरी शिट्टी वाजवली, आणि त्या आवाजात कळलं की त्या वाकल्या. सर पायरीवर बसले, टाळ्यांकडं पाठ करून. मी हातात कात्री आणि नळीचे तुकडे घेऊन त्यांच्या मागं उभी होते. नाटकं संपली होती; आता हे मला बसायला सांगतात की कायमचं जायला सांगतात, याची वाट बघत. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.